गेममध्येच स्क्रीन काळी पडते : कार्ड बदलण्याआधी काय तपासावे

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात माझी काही चूक झाली असेल तर ती लगेच लक्षात येईल. आपण अकोल्याला राहता. संगणकात रायझन ५ ५६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, २०१८ साली घेतलेला ५५० वॅटचा एसएमपीएस (भिंतीतली वीज संगणकाच्या भागांना पुरवणारा डबा) आणि गेल्या वर्षी कोणाकडून तरी वापरलेले घेतलेले आरटीएक्स ३०७० हे ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचे चित्र तयार करणारा भाग) आहे. सगळे काही ६०० व्हीएच्या यूपीएसवर चालते. गेम सुरू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी स्क्रीन काळी पडते, कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने फिरू लागतात आणि आवाज मात्र काही सेकंद चालूच राहतो. कधीकधी नुसता गेम बंद पडून डेस्कटॉप दिसतो. शिवाय गेल्या महिन्यात दोनदा संध्याकाळच्या वेळी संगणक आपोआप रीस्टार्ट झाला. ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवता यावे म्हणून लागणारा कार्यक्रम, तीनदा आणि विंडोज एकदा नव्याने टाकूनही फरक पडला नाही. दुकानदाराचे म्हणणे ‘कार्ड गेले’ असे आहे आणि नवे कार्ड घ्यावे का, असे आपण विचारता.

माझे उत्तर ‘इतक्यात नको’ असे आहे, आणि ते का हे थोडे विस्ताराने सांगतो. आपण तीन वेगवेगळ्या घटनांना एकच आजार समजत आहात. स्क्रीन काळी पडून पंखे धावू लागणे, गेम बंद होऊन डेस्कटॉपवर येणे आणि संपूर्ण संगणक रीस्टार्ट होणे, या तिन्हींची कारणे एक असू शकतात, पण असतीलच असे नाही. ग्राफिक्स कार्ड हा संगणकातील सर्वांत जास्त वीज ओढणारा आणि सर्वांत लवकर तापणारा भाग असल्यामुळे भिंतीतल्या सॉकेटपासून रॅमपर्यंत कुठेही काही कमी पडले, तरी तक्रार बहुधा कार्डाच्या तोंडून ऐकू येते. पुण्यात गेली चौदा वर्षे मी गेमिंगचे आणि व्हिडिओ संपादनाचे संगणक बांधतो आणि दुरुस्त करतो. ‘गेलेले’ म्हणून माझ्याकडे आलेली बरीचशी कार्डे माझ्या टेबलावरच्या संगणकात दोन-दोन दिवस बिनतक्रार चालली आहेत. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतःही ही चूक केली होती. एका ग्राहकाला नवे कार्ड घ्यायला लावले आणि चार दिवसांनी तोच दोष पुन्हा आला, तेव्हा कळले की रॅमचा एक्सएमपी, म्हणजे नेहमीपेक्षा वाढवलेला, वेग त्या मदरबोर्डाला झेपत नव्हता. ते पैसे मला माझ्या खिशातून परत करावे लागले आणि तेव्हापासून मी आधी नोंदी वाचतो, मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घेतो.

अर्थात संगणक समोर नसताना लिहितो आहे. आपला एसएमपीएस नेमका कोणत्या प्रतीचा आहे, घरची वायरिंग कशी आहे आणि आधीच्या मालकाने कार्ड कशासाठी वापरले, यांवर पुढचे पुष्कळसे अवलंबून आहे.

नोंदींपासून सुरुवात करा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे संगणकाच्या घडामोडींच्या नोंदवहीत, ‘सिस्टिम’ हा विभाग उघडा आणि दोष आला त्या मिनिटाच्या आसपासच्या ओळी पाहा. ‘डिस्प्ले’ या स्रोताची ४१०१ क्रमांकाची नोंद असेल, तर कार्डाने ठरलेल्या वेळेत उत्तर दिले नाही म्हणून विंडोजने ड्रायव्हर पुन्हा सुरू केला, असा तिचा अर्थ होतो. व्हिस्टापासून विंडोजमध्ये टीडीआर नावाची ही सोय आहे आणि वाट पाहण्याची मूळ मुदत २ सेकंदांची आहे. ही मुदत रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांच्या यादीत) वाढवून ८ किंवा १० सेकंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ज्यांचे काम खरोखरच कार्डाला दीर्घकाळ गुंतवून ठेवते, उदाहरणार्थ जड त्रिमितीय दृश्ये रेंडर करणारे, त्यांच्यासाठी तो ठीक आहे. गेमसाठी मात्र तो ताप न उतरवता थर्मामीटर लपवण्यासारखा आहे, कारण अडकलेले कार्ड दोन सेकंदांऐवजी दहा सेकंद अडकते, एवढाच त्याचा परिणाम.

दुसरी नोंद कर्नल-पॉवर ४१. ही दिसताच अनेक जण एसएमपीएस बदलायला धावतात, पण ती फक्त इतकेच सांगते की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. बटण दाबून बंद केला, वीज गेली किंवा निळी स्क्रीन आली, तरी तीच नोंद पडते. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’, म्हणजे निळ्या स्क्रीनच्या चुकीचा क्रमांक, असतो. तो शून्य असेल तर विंडोजला काही लिहून ठेवायलाही सवड मिळाली नाही, म्हणजे वीज तुटल्याचा संशय बळावतो. अर्थात आपण स्वतः बटण दाबले असेल तरीही तो शून्यच असतो. हा आकडा दशमान पद्धतीत छापलेला असतो, त्यामुळे तिथे २७८ दिसले तर ते सोळाच्या पद्धतीतले ११६, म्हणजे ड्रायव्हर सावरू न शकल्याची खूण. तिसरी नोंद ‘व्हीया-लॉगर’ची, म्हणजे हार्डवेअरच्या चुका टिपणारी. हिच्यात पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या वाटेच्या, चुका दिसल्या तर कार्ड आणि स्लॉट यांच्यामधली जोडणी तपासावी लागेल, आणि प्रोसेसरच्या चुका दिसल्या तर कार्डाचा नाद काही काळ सोडलेलाच बरा.

आता आपल्या तीन घटनांकडे येतो. स्क्रीन काळी पडून पंखे पूर्ण वेगाने फिरतात आणि आवाज चालू राहतो, तेव्हा बाकीचा संगणक जिवंत असतो आणि फक्त कार्ड संपर्कातून सुटलेले असते. पंख्यांना नियंत्रण देणारे कोणी उरले नाही, की ते सावधगिरी म्हणून पूर्ण वेगाने फिरतात. कार्डाला मिळणारा व्होल्टेज क्षणभर कोसळणे, कार्डावरील संरक्षक परिपथाने स्वतःहून काम थांबवणे किंवा स्लॉटमधला संपर्क तुटणे, यांपैकी काहीतरी एक घडलेले असते. नुसता गेम बंद पडून डेस्कटॉप दिसतो, तेव्हा वीज सहसा ठीक असते आणि संशय कार्डाचा घड्याळवेग, व्हीरॅम (कार्डावरची स्वतःची मेमरी), रॅम किंवा तो गेम यांच्यावर जातो. पूर्ण संगणक रीस्टार्ट होतो, तेव्हा मात्र मी आधी कार्डाकडे पाहतच नाही. तेव्हा मी भिंतीकडे पाहतो.

विजेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या बाबतीत माझा सर्वाधिक संशय तिथेच आहे. आरटीएक्स ३०७० ची नमूद वीजगरज २२० वॅट आहे आणि त्यासाठी एनव्हिडियाने ६५० वॅटच्या एसएमपीएसची शिफारस केलेली आहे. आपला ५५० वॅटचा आहे. चांगल्या प्रतीचा ५५० वॅटचा एसएमपीएसही हे कार्ड चालवू शकतो, पण त्यासाठी खोक्यावरचा मोठा आकडा न पाहता एसएमपीएसच्या अंगावरची पट्टी वाचावी लागते. १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा. तिथे ३४ अँपिअर असतील, तर १२ गुणिले ३४ म्हणजे ४०८ वॅटच कार्ड आणि प्रोसेसर यांच्या वाट्याला येतात. उरलेला आकडा ३.३ आणि ५ व्होल्टच्या, म्हणजे आज फारशा न लागणाऱ्या वाटांवर दाखवलेला असतो. स्वस्त एसएमपीएसमध्ये ही हातचलाखी नेहमीची आहे.

सरासरी २२० वॅट याचा अर्थ प्रत्येक क्षणी २२० वॅट असा नसतो. या पिढीची कार्डे सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरती नमूद आकड्याच्या कितीतरी वर उसळतात. हा त्रास इतका वाढला की २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० निकषात एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता क्षमतेच्या दुपटीपर्यंतचा भार सोसावा, अशी तरतूद करण्यात आली. २०१८ च्या एसएमपीएसकडून अशी अपेक्षाच नव्हती. त्यात त्याच्या आतील कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून ठेवणारे भाग) अकोल्याच्या सहा-सात उन्हाळ्यांत हळूहळू सुकत आलेले असणार. नवा असताना जो धक्का त्याने सहज पचवला असता, तो आज त्याला जड जातो.

केबलही पाहा. आठ पिनी जोडणी १५० वॅटसाठी आणि मदरबोर्डाचा स्लॉट ७५ वॅटसाठी मान्य आहे. आपल्या कार्डावर दोन जोडण्या असतील आणि त्या दोन्ही एकाच केबलच्या दोन तोंडांनी भरलेल्या असतील, तर एसएमपीएसमधून दुसरी स्वतंत्र केबल आणून एक-एक जोडणी वेगळी करा. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटे आणि माझ्या अनुभवात याने अनेकांचा प्रश्न सुटला आहे. एसएमपीएसला दुसरी केबलच नसेल, तर तो या कार्डासाठी बनलेला नाही, असे समजावे. जुन्या चार पिनी जोडणीवरून आठ पिनी करणारे रूपांतरक आढळले तर ते ताबडतोब काढा. जोडणीचे प्लॅस्टिक पिवळट किंवा तपकिरी झाले असेल, तर तिथे उष्णता साठत होती, याचा तो पुरावा आहे.

मग यूपीएस. ६०० व्हीए हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण अशा यूपीएसची खरी क्षमता साधारण ३६० वॅट असते. आता हिशोब करा. कार्ड २२० वॅट, आपला प्रोसेसर कमाल ७६ वॅट, मदरबोर्ड, रॅम, डिस्क आणि पंखे मिळून पन्नास-साठ वॅट, म्हणजे सुमारे ३५० वॅट. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर भिंतीतून सुमारे ४१० वॅट ओढले जातात, आणि यात मॉनिटर धरलेलाच नाही. वीज असतानाही यूपीएस ती स्वतःमधूनच पुढे देतो, त्यामुळे गेम रंगात आला की तो सतत क्षमतेबाहेर काम करत असतो. त्यातून संध्याकाळी गावातला व्होल्टेज खाली-वर झाला, की यूपीएसमधला रिले ‘टक्’ असा आवाज करून वाट बदलतो. ही अदलाबदल साधारण १० मिलिसेकंदांच्या आत होते. जुन्या एटीएक्स निकषांप्रमाणे एसएमपीएसने पूर्ण भारावर १६-१७ मिलिसेकंदांची खंडित वीज सोसायला हवी, पण कपॅसिटर सुकलेला एसएमपीएस तेवढा दम धरत नाही. आपले दोन्ही रीस्टार्ट संध्याकाळीच झाले, हे वाचताना मला हेच चित्र दिसले. त्या वेळी यूपीएसचा ‘टक्’ ऐकू आला होता का, ते आठवून पाहा.

चाचणी सोपी आहे. एक आठवडा संगणक यूपीएसऐवजी थेट भिंतीतल्या १६ अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावा. मध्ये एक्स्टेंशन बोर्डांची माळ नको. वीज जाण्याचा धोका या काळात पत्करावा लागेल, म्हणून महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधी करून ठेवा. जाता जाता, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर आपल्या सॉकेटला अर्थिंग नाही किंवा ते तुटलेले आहे. कार्डाचा दोष त्याने सुटेल की नाही हा पुढचा भाग, पण इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवावे.

यानंतरची चाचणी माझ्या सगळ्यांत आवडीची, कारण ती पेचकसाविना होते. एमएसआय आफ्टरबर्नर हा कार्डाचे वेग आणि वीज ठरवणारा कार्यक्रम घ्या, कार्डाची पॉवर लिमिट (वीज ओढण्याची मर्यादा) १०० वरून ७० टक्क्यांवर आणा आणि गेममध्ये फ्रेम दर (सेकंदाला दिसणारी चित्रे) ६० वर बांधून टाका. मग ज्या गेममध्ये हमखास बंद पडते तोच गेम, तोच प्रसंग, दोन तास खेळा. एकदाही बंद पडले नाही, तर दोष वीज किंवा उष्णता यांच्याशी निगडित आहे, हे जवळजवळ नक्की. तरीही बंद पडले, तर पॉवर लिमिट पूर्ववत करा आणि कोअरचा (कार्डाच्या मुख्य चिपचा) वेग १०० मेगाहर्ट्झने कमी करून पाहा. त्याने थांबले, तर कार्डाला स्वतःचाच कारखान्यात दिलेला वेग झेपत नाही. हे नवलाचे नाही. सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० बाजारात आले, तेव्हा पहिल्याच दिवसांत अनेकांचे गेम वरच्या वेगाला पोहोचताच बंद पडत होते आणि ४५६.५५ हा ड्रायव्हर आल्यावर बऱ्याच जणांचा त्रास थांबला. कोरे कार्डही काठावर उभे असू शकते. वापरलेल्याला तर आणखी सूट द्यावी लागते. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम बदलून संगणक नीट चालला, तर आनंद होतो पण कारण कळत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच प्रश्न परत येतो.

उष्णतेबद्दल थोडक्यात. एचडब्ल्यूइन्फो या मोजमापे दाखवणाऱ्या कार्यक्रमात कोअर आणि हॉटस्पॉट (चिपवरचा सर्वांत तापलेला बिंदू) अशी दोन्ही तापमाने पाहा. दोन्हींत दहा-पंधरा अंशांचे अंतर सामान्य आहे. पंचवीस-तीसच्या पुढे गेले, तर थर्मल पेस्ट (चिपवरचा उष्णता वाहून नेणारा लेप) वाळली आहे किंवा हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा भाग) नीट बसलेली नाही. याच कार्यक्रमात आठ पिनी जोडणीवरचा व्होल्टेजही दिसतो. संगणक रिकामा असताना १२.१ आणि गेममध्ये ११.५ असे काही आढळले, तर वर लिहिलेल्या एसएमपीएसबद्दलच्या संशयाला पुष्टी मिळाली असे धरा, कारण जुन्या निकषातली खालची मर्यादाच ११.४ व्होल्टची आहे. मे महिन्यात कॅबिनेटची बाजू उघडून समोर टेबल फॅन लावणे हे शोभिवंत नसले, तरी चाचणी म्हणून उत्तम आहे.

व्हीरॅमचा मुद्दा वेगळा काढतो, कारण कार्ड वापरलेले आहे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची, म्हणजे कार्डांकडून सतत गणिते करवून चलन मिळवण्याची, पद्धत सोडली आणि त्यानंतर रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डे बाजारात आली. ३०७० हे त्यांतले लोकप्रिय कार्ड होते. मायनिंगमध्ये कोअर आरामात असतो आणि मेमरी तापत राहते. आपल्या कार्डावर जीडीडीआर६ मेमरी आहे, आणि ३०८० वरच्या जीडीडीआर६एक्सप्रमाणे तिचे तापमान कार्यक्रमात दिसण्याची सोय नाही, म्हणून थेट चुकाच शोधाव्या लागतात. ओसीसीटीमधली व्हीरॅम चाचणी किंवा मेमटेस्ट व्हल्कन अर्धा तास चालवा. एक जरी चूक निघाली, तरी मेमरीचा वेग कमी करून पुन्हा चालवा. चुका तरीही येत राहिल्या, किंवा विंडोजच्या आधी येणाऱ्या बायोसच्या स्क्रीनवरच रंगीत ठिपके आणि चौकटी दिसू लागल्या, तर मात्र दुकानदार बरोबर होता आणि कार्डाच्या मेमरीलाच इजा झालेली आहे. थर्मल पॅड (मेमरीची उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) स्वतः बदलायला जाऊ नका. जाडीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला, तरी हीटसिंक कोअरला नीट टेकत नाही आणि बऱ्या कार्डाचे वाईट कार्ड होते.

कार्ड एकदा काढून पुन्हा बसवणे मात्र अवश्य करा. जड कार्ड स्वतःच्या वजनाने वाकते आणि स्लॉटमधला संपर्क ढिला पडतो. सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. त्याचा भुगा स्लॉटमध्ये जातो, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले स्वच्छ कापड चांगले. व्हीयाच्या नोंदीत पीसीआय एक्स्प्रेसच्या चुका असतील, तर बायोसमध्ये स्लॉटचा वेग चौथ्या पिढीवरून तिसऱ्यावर आणून पाहा. गेममध्ये त्याचा फरक जेमतेम जाणवतो.

रॅमचा एक्सएमपी बंद करून एक दिवस खेळून पाहा, हे माझ्या जुन्या चुकीला स्मरून सांगतो. प्रोसेसरही कार्डाच्या नावाने बिल फाडू शकतो. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांमध्ये २०२४ साली नेमके हेच उघड झाले. अनरियल इंजिनचे गेम ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ असा संदेश देऊन बंद पडत. लोक कार्डे बदलत होते आणि खरा दोष जास्त व्होल्टेजने झिजलेल्या प्रोसेसरचा होता. इंटेलने त्या वर्षी ०एक्स१२९ आणि नंतर ०एक्स१२बी हे मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या, दिले आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. आपला प्रोसेसर त्यातला नाही, पण ज्यांचा आहे त्यांनी आधी बायोस अद्ययावत करावे.

ड्रायव्हरबद्दल फार लिहीत नाही, कारण तीनदा करून झाले आहे. एकच विचारतो : इंटरनेट बंद ठेवून, सेफ मोडमध्ये, डीडीयू हा जुना ड्रायव्हर मुळापासून काढणारा कार्यक्रम वापरून केले होते का? नसेल तर चौथ्यांदा तसे करा. नाहीतर आपण जुना ड्रायव्हर काढता आणि पुढच्या काही मिनिटांत विंडोज अपडेट त्याच्या पसंतीचा टाकून मोकळे होते.

क्रम असा ठेवा : आधी नोंदी, मग स्वतंत्र केबल आणि थेट सॉकेट, मग पॉवर लिमिटची चाचणी, मग व्हीरॅम आणि रॅम. इथवर एक रुपयाही खर्च झालेला नाही. यानंतर कार्ड एखाद्या मित्राच्या, ६५० वॅट किंवा अधिक क्षमतेचा चांगला एसएमपीएस असलेल्या संगणकात लावा आणि तोच गेम दोन तास चालवा. तिथे ते नीट चालले, तर नवा एसएमपीएस आणि निदान ११०० व्हीएचा यूपीएस घ्या. या दोन्ही गोष्टी पुढे कार्ड बदलले तरी उपयोगी पडतील. तिथेही बंद पडले, तर कार्डाची हमी शिल्लक आहे का, ते त्याच्या अनुक्रमांकावरून पाहा, आणि नसेल तर चिप पातळीवर काम करणाऱ्याकडून आधी अंदाजपत्रक घ्या. दुरुस्तीचा खर्च तशाच वापरलेल्या कार्डाच्या किमतीच्या एक-तृतीयांशापुढे जात असेल, तर मी स्वतः दुरुस्त करत नाही. ओव्हनमध्ये कार्ड भाजण्याचा उपाय आपल्याला कोणीतरी सुचवल्याचे आपण शेवटी लिहिले आहे. तो करू नका : चाललेच तर काही दिवस चालते, त्यानंतर दुरुस्त करणारा ते हातात घेत नाही, आणि ज्या ओव्हनमध्ये ते भाजले त्यात पुन्हा काही खाण्याचे करता येत नाही.